काटा किती ते सांगतो, कोणते ते नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, डेअरीत दूध घातले की 'डिग्री' लावतात हे तुम्ही पाहिले असेल. काचेचा काटा दुधात सोडायचा आणि तो किती बुडतो यावरून पाणी घातले आहे का याचा अंदाज घ्यायचा. दारूतला अल्कोहोल मोजण्याची जुनी रीत हीच. इथेनॉल पाण्याहून हलके, म्हणून ते जास्त असेल तर काटा अधिक खोल जातो. बाटलीवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा दिसतो, तो इंग्रजांच्या जकातीच्या हिशेबातून आला. त्यांच्या 'प्रूफ' स्पिरिटमध्ये ५७.१ टक्के अल्कोहोल असे. त्याचा हा पाऊण हिस्सा.

भोसरीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काढली. तिथे दारू नव्हे, सॉल्व्हंट तपासत असू. पण काटा तोच. या काट्याला उष्मा सोसत नाही. २० अंशांना ४० टक्के भरणारे स्पिरिट ३० अंशांना जवळजवळ ४४ टक्के दाखवते. एप्रिलमध्ये चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, तुम्हीच पाहा! म्हणून आधी तापमान, मग वाचन.

दुसरी अडचण साखरेची. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव लागते. तिथे १९८०च्या दशकात वाइन तयार होऊ लागली. वाइनमध्ये साखर आणि आम्ले विरघळलेली असतात. ती द्रव जड करतात आणि काटा फसतो. त्यावर उपाय म्हणजे ऊर्ध्वपातन. मोजून १०० मिलीलिटर नमुना घ्यायचा, थोडे पाणी घालून उकळायचा, वाफ थंड करून गोळा करायची आणि पाणी घालून पुन्हा बरोबर १०० मिलीलिटर करायचे. साखर चंबूतच राहते. आता घनता मोजली की खरा आकडा मिळतो.

एवढे झाले की काम संपले, असे मलाही वाटे. एका संध्याकाळी आमचा एक हेल्पर पाण्याच्या बाटलीत काहीतरी घेऊन आला. त्यांच्या खोल्यांकडे कुणी तरी स्वस्तात विकत होते.

"साहेब, जरा काटा लावून बघा की. कितीची आहे?"

काटा चाळिसाच्या आसपास थांबला. तो खूश झाला. "म्हणजे पाणी नाही मारलेलं!"

पण आमच्या शेडमध्येच मिथेनॉलचे ड्रम उभे होते, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. इथेनॉलची घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९१. काट्याला हा फरक कसा कळणार? ऊर्ध्वपातनातही दोन्ही वाफ होऊन बरोबरच येतात. वासात, चवीतही फारसा भेद नाही. आमच्याकडे येणाऱ्या स्पिरिटमधली भेसळ पकडण्यासाठी रसायने तयारच असत. परमँगनेटने मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करायचे, मग क्रोमोट्रोपिक आम्ल आणि तीव्र गंधकाम्ल घालून तापवायचे. शेजारच्या नळीत शुद्ध इथेनॉल ठेवले होते, ते तसेच राहिले. त्याची नळी जांभळी झाली.

"कुणी प्यायलंय का यातलं?" मी विचारले. तो उत्तर न देता सायकलकडे धावला. सुदैवाने खोलीवरच्या बाटल्या अजून उघडायच्या होत्या.

मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. आज गॅस क्रोमॅटोग्राफ हे काम काही मिनिटांत करतो. सुईच्या टोकाएवढा नमुना लांबलचक बारीक नळीतून जातो, मिथेनॉल आणि इथेनॉल वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि आलेखावर दोघांची शिखरे वेगळी उमटतात. 'किती' आणि 'कोणते', दोन्ही एकदम कळते. हे यंत्र प्रयोगशाळेत असते, खोल्यांच्या चाळीत नसते.

मिथेनॉल पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. त्रास बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतो, तोवर माणूस हँगओव्हर समजून झोपून राहतो. धुरकट दिसू लागले, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे, काय प्यायले ते न लाजता सांगावे. यावर उतारा आहे, मात्र तो वेळेत मिळायला हवा. बरोबर ज्यांनी ज्यांनी घेतली असेल त्यांनाही न्यावे, आणि बाटलीत थोडे उरले असेल तर ते फेकू नये, सोबत घ्यावे.