इंदुरी खत आणि पडीक जागेची बाग
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षांच्या या संस्थेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. मी मात्र आज उकिरड्याचा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. कार्यकारिणीने तो मान्य केला, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो.

आपल्या इमारतीच्या मागे, जुन्या विहिरीलगत जी जागा आहे, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. खरे म्हणजे पाहून न पाहिल्यासारखी केली आहे. पाडकामाचा राडारोडा, गाजरगवत आणि कोणीतरी टाकून दिलेली एक तीन पायांची खुर्ची. तेथे वाहने उभी करण्याची सोय व्हावी, असा एक प्रस्ताव आहे. सभासदांच्या श्रमाने, रासायनिक खताविना पिकणारी बाग तेथे व्हावी, असा दुसरा आहे. तो माझा आहे.

असा प्रस्ताव इंदुरात मांडताना संकोच वाटण्याचे कारण नाही. पॅट्रिक गेडीस या नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी १९१८ मध्ये या शहराचा अहवाल लिहिला. त्याआधी, १९१७ च्या दिवाळीत, त्याने येथे एक मिरवणूक काढली होती. तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली होती. स्वच्छता आणि रोप या दोन गोष्टी त्याने एकाच मिरवणुकीत आणल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे १९२४ मध्ये आल्बर्ट हॉवर्ड यांची वनस्पती-संशोधन संस्था येथे सुरू झाली. दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर त्यांनी १९३१ पर्यंत काम केले. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत तेथे बसवली गेली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजीही ही संस्था पाहून गेले. या पद्धतीवरील १९३१ च्या इंग्रजी पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. वाड हे तेथील रसायनशास्त्र विभागाचे मुख्य सहायक. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. वाड यांचे क्वचितच. आपल्यासारख्या संस्थेने तरी ते विसरू नये.

आता थोडे स्वतःविषयी, आणि तेही फारसे भूषणावह नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एका मोकळ्या तुकड्यावर आम्ही अशीच बाग सुरू केली होती. फीत कापली, पेढे वाटले, भेंडी आणि गिलक्यांचे बी लावले. जून महिन्यात चार फूट खोल खड्डा खणून घरोघरचा ओला कचरा आम्ही त्यात ओतू लागलो. पाऊस लागला. आपली माळव्याची काळी माती पाणी सोडत नाही. खड्ड्याचे डबके झाले आणि दुर्गंधीने शेजारी हैराण झाले. नगर निगमकडे तक्रार गेली व खड्डा बुजवण्यात आला. त्यात निगमची काहीही चूक नव्हती. आज त्या तुकड्यावर मोटारी उभ्या असतात.

त्यानंतर हॉवर्ड-वाड यांचे पुस्तक मी वाचले. ते आपल्याच संदर्भ-कपाटात होते! खड्डा दोन-तीन फुटांहून खोल नसावा, कारण त्याखाली हवा पोचत नाही. पावसाळ्यात खड्डा नकोच, जमिनीवर ढीग रचावा. वाळलेले आणि हिरवे मिसळून पातळ थर द्यावेत, त्यावर शेणकाला शिंपडावा. पहारीने उभी भोके पाडावीत. आणि तीन महिन्यांत तीनदा ढीग उलथावा. पहिल्यांदा साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. आमच्या चुकीचे एकेक उत्तर तेथे छापलेले होते, आणि आम्ही पेढे वाटत होतो.

म्हणून माझी विनंती अशी की पहिल्या वर्षी भाजीची घाई नको. प्रथम जागा न्यासाची की नजुलाची, हे कागदावर स्पष्ट व्हावे. मग राडारोडा उचलावा. जुन्या इमारतींच्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा मातीची तपासणी होईपर्यंत खाण्याजोगे काही लावू नये. पहिल्या पावसावर ताग पेरावा आणि फुलावर येताच जमिनीत गाडावा. वाफे जमिनीपासून वीतभर उंच असावेत. एवढे साधले, तर दुसऱ्या हिवाळ्यात मेथी-पालक निघेल. उन्हाळ्यासाठी विहीर आहे. पण तिचा उपसा करावा लागेल, आणि मे महिन्यात सभासद गावाला जातात, हेही मी जाणतो.

काहीजण विचारतात की ओला कचरा निगमची गाडी नेतेच. देवगुराडियाला रोज ५५० टन कचरा पचवण्याच्या क्षमतेचा वायुप्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. मग आपण ही उठाठेव का करावी? प्रश्न रास्त आहे. स्वयंपाकघरातला कचरा खुशाल गाडीत जावा. ढिगाला हिरवे म्हणून आवारातले तण पुरेल, आणि शेण गोशाळेतून आणता येईल. मला हवा आहे तो आपल्या आवारातल्या कडुनिंबांचा पाचोळा, जो दर फाल्गुन-चैत्रात झाडून कोपऱ्यात पेटवला जातो.

वाहनतळाची गरज खोटी आहे, असे मी म्हणत नाही. वयोवृद्ध सभासदांना रस्त्यावर उतरून चालत यावे लागते. त्यांच्यासाठी फाटकाजवळची पट्टी मोकळी ठेवावी. उरलेल्या जागेसाठी मी तीन वर्षांची मुदत मागतो. तेवढ्यात बाग उभी राहिली नाही, तर तेथे फरशी बसवण्याचा ठराव मी स्वतः मांडीन.

यासाठी मला वर्गणी नको. फीत कापायला पन्नास माणसे येतात, तिसऱ्यांदा ढीग उलथायला दोन, हा माझा अनुभव आहे. मला बारा नावे हवीत, आणि ती तिसऱ्या खेपेसाठी हवीत. ग्रंथपालांच्या टेबलावर आजपासून एक वही ठेवली आहे.

कार्यकारिणीची बैठक पुढील महिन्यात आहे. निर्णय काहीही होवो, तोवर पाचोळा पेटवू नये, पोत्यांत भरून ठेवावा, एवढी परवानगी मी आजच मागतो. पोती मी आणली आहेत.