फौजी बिऱ्हाडाचे ओझे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा हा कामगार चळवळीतला माणूस पगार, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो फौजी कुटुंबाच्या बिऱ्हाडाचा. त्यावर एका चालकांनी मला सरळच विचारले, "यात तुमचा संबंध काय?" संबंध ओझ्याचा आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे हमालांच्या अड्ड्यावर आणि नगरवाचनालयात झाले. छावणीच्या गावी रेल्वेचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लोकांत मी उभे आयुष्य घालवले आहे. फौजी माणसाचे सामान आमच्या लोकांच्या पाठीवरून गेले आहे. तेव्हा या विषयावर थोडे बोलण्याचा अधिकार मला आहे, अशी माझी समजूत आहे.

त्या सामानात काळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक असायचीच. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. बदली झाली की जुने ठिकाण काळ्या रंगाने पुसायचे आणि वर नवे लिहायचे. उजेडात ट्रंक तिरपी धरली की खालची अक्षरे वर येतात. आमचा एक म्हातारा मुकादम ती वाचून सांगत असे, "याने सहा गावे केली." ट्रंकेचा मालक कोणत्या लढाईत होता ते त्याला ठाऊक नसे; त्याच्या बायकोने किती वेळा चूल मांडली आणि किती वेळा मोडली, एवढे मात्र तो अचूक सांगे.

आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. फौजी माणसाला ती सर्रास लावतात. पण विंचवाचे बिऱ्हाड विंचवाच्याच पाठीवर असते. फौजेत हुकूम निघतो एकाच्या नावाने आणि बिऱ्हाड चढते दुसऱ्याच्या पाठीवर. आज मला सांगायचे आहे ते हेच.

समजा, पुण्याच्या छावणीतल्या एका नायकाची पलटण जालंधरला निघाली. कधी माणूस एकटाच बदलतो, कधी अख्खी पलटण हलते. पलटण हलणार असेल तर एक तुकडी आधीच पुढे जाते, आणि तिच्यात आपल्या नायकाचे नाव असले तर तो गेलाच. मागे राहतात बायको, दोन मुले आणि सरकारी क्वार्टर. आता त्या बाईची कामे मोजा. शाळा सोडल्याचे दाखले काढायचे. गॅसची जोडणी बदलून घ्यायची. दूधवाला आणि वाणी यांचा हिशेब चुकता करायचा. क्वार्टर ताब्यात देताना नळ, दिवे, काचा तपासून द्यायच्या; फुटले असेल त्याचे पैसे भरायचे. भांडी गोणपाटात बांधायची. तुळशीची कुंडी शेजारणीच्या हवाली करायची, कारण ती दोन हजार किलोमीटर नेता येत नाही. मग झेलम एक्सप्रेस. दौंड, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, दिल्ली, अंबाला; प्रवास दोन रात्रींचा. पोरे झोपतात, आई ट्रंका मोजत बसते.

जालंधरला उतरल्यावर पाट्या गुरुमुखीत. मराठी शाळेत चौथीत पहिला आलेला मुलगा तिथे अक्षरशत्रू ठरतो. क्वार्टर लगेच मिळेलच असे नाही; तिथेही रांग असते. लष्करात लग्न झालेल्या माणसांच्या मानाने घरे कमी, ही तक्रार जुनी आहे. सरकारने २००२ मध्ये विवाहितांसाठी सुमारे दोन लाख घरे बांधण्याची योजना हाती घेतली, यावरूनच तूट केवढी होती ते ध्यानात येते. क्वार्टर मिळेपर्यंत भाडेभत्ता घ्यायचा आणि गावात खोली शोधायची. आणि दोन-तीन वर्षांत घडी बसते न बसते तोच पलटण 'फील्ड'वर जाते. फील्डवर कुटुंब नेता येत नाही. मग सासरच्या गावी परत जा, किंवा एकट्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी राखलेल्या क्वार्टरसाठी पुन्हा अर्ज करा. एका नोकरीत हे चक्र किती वेळा फिरते ते ती काळी ट्रंक सांगेल.

आता हिशेबाकडे येऊ. सरकार काहीच देत नाही असे मी म्हणणार नाही. रेल्वेचे भाडे मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर बदलीचे अनुदान मूळ पगाराच्या ८० टक्के आहे. सामान नेण्याचा खर्चही मिळतो. पण केंद्र सरकारच्या बदलीच्या नियमांत खालच्या श्रेणीच्या नोकराला दीड टन सामान मंजूर आहे आणि वरच्या श्रेणीच्या नोकराला सहा टन. लहान नोकराच्या बायकोला भांडी कमी लागतात असे या नियमाने धरले आहे! ते असो. माझा मुद्दा असा की, या हिशेबात ट्रंकेचे वजन आहे, ट्रंक भरणाऱ्या हातांचे काम नाही. बाई शिक्षिका होती, तिची नोकरी सुटली. हा तोटा कोणत्या रकान्यात लिहिला? ती परिचारिका असेल, तर नव्या राज्याच्या परिषदेत पुन्हा नाव नोंदवण्यात महिने गेले. ते कोठे मांडले? मुलाचे भाषेपायी वर्ष वाया गेले, त्याची किंमत कोणी केली?

माझ्या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली आहे. ओझे हलके व्हायचे असेल तर आधी ते तोलावे लागते. पूर्वी आमचा माणूस शंभर किलोचे पोते पाठीवर घेई आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे. पोते पन्नास किलोंवर आणा, असे म्हणत लोक एकत्र उभे राहिले, तेव्हा कोठे त्या शंभर किलोंची चर्चा सुरू झाली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि हमालाच्या नावाने बोर्डात खाते उघडले गेले. कायद्याने हमाल बलवान झाला नाही. त्याच्या पाठीवर काहीतरी आहे, एवढे सरकारदप्तरी मान्य झाले, आणि पुढचे सगळे त्यातून आले.

फौजी कुटुंबाच्या बाबतीतही जिथे कोणी मोजले तिथे वाट निघाली, याचे एक उदाहरण देतो. आपण ज्यांना केंद्रीय विद्यालये म्हणतो, त्या शाळांची योजना सरकारने १९६२ च्या नोव्हेंबरात मंजूर केली, आणि सुरुवातीला पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन ती सुरू केली. ही शिफारस कोठून आली? दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाकडून. ज्या आयोगापुढे नोकरांच्या संघटना आपली गाऱ्हाणी मांडत होत्या, त्याच आयोगाने बदलीच्या नोकरीतल्या मुलांच्या शिक्षणाचाही विचार केला. त्याच आयोगाच्या पगाराच्या निर्णयांवर समाधान न झाल्याने १९६० च्या जुलैत केंद्रीय नोकरांनी संप केला आणि सरकारने तो मोडून काढला. संप मोडला, शाळा मात्र उभ्या राहिल्या. आज या शाळांत प्रवेश देताना मागील सात वर्षांत वडिलांच्या किंवा आईच्या किती बदल्या झाल्या ते पाहतात. ज्याच्या बदल्या अधिक, त्याचे मूल आधी. मला हा नियम फार आवडतो. आमच्या मुकादमाने ट्रंकेवर वाचलेला आकडा निदान एका सरकारी अर्जात तरी मोजला जातो.

पण सैनिकाने स्वतः असे काही मागायचे म्हटले तर? घटनेच्या ३३ व्या कलमाने सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९५० च्या लष्कर कायद्याखाली सैनिकाला परवानगीवाचून युनियनमध्ये जाता येत नाही. अन्याय झाला तर तो एकट्याने वरिष्ठांकडे तक्रार करू शकतो. चौघांनी मिळून सही करणे शिस्तीत बसत नाही. मी युनियनचा माणूस असूनही सांगतो, याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. हातात बंदूक असलेल्या माणसाने ठराव पास करू नयेत, हे मला पटते. परंतु ज्याचा आवाज आपण देशाच्या भल्यासाठी बंद ठेवतो, त्याच्या वतीने बोलण्याचे काम मग आपल्यावर येते. आमच्या हमालासाठी युनियन बोलते. नायकाच्या बायकोसाठी कोण बोलणार? ज्या गावात ती उतरते ते गाव बोलले पाहिजे.

गाव काय करू शकते आणि काय करते, हे आपल्याच इतिहासात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ महूच्या छावणीत फौजी शाळेत शिकवत असत. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथेच त्यांच्या मुलाचा, भीमरावाचा, जन्म झाला. छावणीतले घर सरकारी हुकमाने मिळे; घरमालकाला विचारावे लागत नसे. रामजी निवृत्त झाले आणि बिऱ्हाड हलले. आधी दापोली, मग सातारा, आणि पुढे १९०४ च्या सुमारास मुंबई. साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे. गावात न्हावी पुष्कळ होते आणि घरात पैसेही होते, तरी केस बहीण कापी, कारण न्हावी या मुलांना हात लावत नसत. हे बाबासाहेबांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. सुभेदाराची पेन्शन होती, हुद्दा होता, शिक्षण होते. छावणीचे फाटक ओलांडले आणि गावाने जात विचारली.

तो काळ गेला असे आपण म्हणतो. खोली दाखवताना "तुमच्यात काय खातात?" असा प्रश्न आजही विचारला जातो; तो कशाचा प्रश्न आहे हे या सभागृहात मला समजावून सांगण्याची गरज नाही. एका गावात, नाव सांगत नाही, एका हवालदाराच्या पत्नीला पाच घरांनी या प्रश्नावरून परत पाठवले होते. सामान आमच्या हमालांनी हातगाडीवर धरून ठेवले होते. सहावे घर संध्याकाळी मिळाले. पंधरा ऑगस्टला त्याच आळीत लाउडस्पीकरवर जवानांची गाणी वाजली असणार, यात मला शंका नाही.

आणखी एक बदली असते, ती शेवटची. फौजी माणूस पस्तीस-चाळिशीत निवृत्त होतो आणि आपल्या मुलखाला येतो. त्याला वाटते, घरी आलो. मुलांना मात्र हे सातवे गाव असते. ती घरात मराठी बोलतात, पण लिहिताना अडखळतात. शाळेत त्यांना परप्रांतीय म्हणून चिडवतात. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात असे घर नाही असे गाव सापडायचे नाही. जालंधरला जे आपल्या मुलाने सोसले, तेच आपण त्याच्या घरी त्याला सोसायला लावतो.

कायद्याची नजरही हळूच बदलते. मतदारयादीच्या १९५० च्या कायद्यात सैनिकाबरोबर राहणाऱ्या पत्नीचे नाव घालण्याची तरतूद होती. तिथे 'पत्नी' हाच शब्द होता. हुकूम बाईच्या नावाने निघेल आणि मागून नवरा बिऱ्हाड घेऊन जाईल, ही कल्पनाच नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'च्या जागी पती किंवा पत्नी, दोघांनाही लागू पडेल असा शब्द आला. एका शब्दाला ७१ वर्षे लागली. म्हणून सरकारची वाट पाहत बसू नये असे मला वाटते.

मी मोठ्या मागण्या करत नाही. घरमालकांनी फौजी कुटुंबाला भाडे विचारावे, जात विचारू नये. मुख्याध्यापकांनी वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला दाखल्यातल्या त्रुटीपायी दारात थांबवू नये, आणि त्याला मराठी शिकवण्यासाठी रोज अर्धा तास एका शिक्षकाला द्यावा. बदलून आलेल्या शिक्षिका-परिचारिकांची यादी संस्थाचालकांनी जवळ ठेवावी. तात्पुरती जागा निघाली की ती यादी आधी उघडावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्याचा पत्ता नगरपालिकेच्या दारावर लावावा. नव्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी पाण्याची वेळ आणि दवाखान्याची वाट सांगायला शेजारच्या बाईने जावे. याला ठराव लागत नाही, पैसाही लागत नाही.

सीमेवरच्या माणसाचे ओझे आपल्याला उचलता येत नाही. त्याच्या घरचे ओझे आपल्या आळीत येऊन उतरते. ते उतरवून घ्यायला चार हात पुढे आले पाहिजेत, आणि ओझी वाहणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून एवढेच मागण्यासाठी मी आज येथे उभा राहिलो.