काचबिंदूचे थेंब : कोणाला कोणते?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरकी मला येत नाही. परंतु नांदेडला आमच्या सासूबाई व लातूरला माझी आक्का, दोघींनाही काचबिंदू आहे. दोघींच्या चिठ्ठ्या वाचण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून चार शब्द बोलते.

सासूबाईंची बाटली महागाची. रात्री एकदाच एक थेंब. आक्काची स्वस्त, सकाळ-संध्याकाळ. दिवाळीत आक्का आली तेव्हा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून सासूबाई म्हणाल्या, "रोग एकच, मग मला हे महागाचं कशाला? मीही हिचंच घालते." काटकसर चांगलीच, पण सासूबाईंना दमा आहे. आक्काची बाटली मी हातातून काढून घेतली व डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे :

डोळ्याच्या आत सारखे पाणी तयार होते व बारीक वाटेने निघून जाते. (हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत.) ते तुंबले की दाब वाढतो व डोळ्यामागची नस हळूहळू सुकते. आक्काचे टिमोलॉल नळ बारीक करते. सासूबाईंचे लॅटॅनोप्रोस्ट मोरी मोकळी करते. टिमोलॉल नाकावाटे रक्तात उतरते, त्यामुळे दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. ज्यांची नाडी मंद चालते त्यांनाही ते चालत नाही. बाकी औषध वाईट नव्हे. अमेरिकेत १९७८ साली ते आले. त्यापूर्वीचे पायलोकार्पिन दिवसातून तीन-चारदा घालावे लागे, बाहुली बारीक होऊन अंधारून येई.

लॅटॅनोप्रोस्ट १९९६ सालचे. त्याने डोळे लाल होतात, पापण्या वाढतात. सासूबाईंच्या पापण्या आता सुनेपेक्षा लांब आहेत! न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विसरून चालणार नाही. ब्रिमोनिडिनने झोप येते, तोंड कोरडे पडते. डॉर्झोलामाइडने डोळा चुरचुरतो, तोंड कडू होते. सल्फाची औषधे सोसत नसतील तर आधी सांगावे. म्हणून शेजारणीची बाटली आपल्याला लागू पडेलच असे नाही. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांनाच स्पष्ट सांगावे व जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

यांपैकी कोणत्याही थेंबाने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखली जाते. मोतीबिंदू काढला की दिसू लागते, तसे येथे नाही. फरक दिसत नाही म्हणून बायका औषध बंद करतात, आणि आपल्या घरांत पहिली काटछाट बाईच्याच औषधावर होते.

घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. अंगात औषध कमी उतरते. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे.

हा रोग घराण्यात चालतो. आक्काला झाला म्हणून मीही तपासून घेतले; दाब ठीक निघाला, वर्षाने पुन्हा बोलावले आहे. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः आई-भावंडांत कोणाला असेल त्यांनी, विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जावे. मोतीबिंदूच्या शिबिरात गेलात तरी "माझा दाब व मागची नस पाहा" असे तोंडाने सांगा, आणि दाबाचा आकडा चिठ्ठीवर लिहून मागा.