धर्मशाळा पाडण्याआधी
(शताब्दी सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)





कीर्तनानंतर बोलायला उभं राहायचं म्हणजे पुरणपोळीनंतर शिळी भाकरी वाढण्यासारखं आहे. पण विषय घरचा आहे. आपल्या दिंडीची जुनी धर्मशाळा पाडून तिथं स्लॅबची इमारत बांधायचं घाटतं आहे. अडचण खरी आहे. कौलं गळतात, बायाबापड्यांना धड न्हाणीघर नाही. त्या सोयी झाल्याच पाहिजेत, आणि मागच्या मोकळ्या जागेत त्या होतात. पुढची ओसरी आणि माजघर मात्र राखावं, तिथं दिंडीचं संग्रहालय करावं, एवढं आमच्या इतिहास मंडळाचं मागणं आहे.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला राजाची तलवार आठवते. यंदा पालखी पुण्यात मुक्कामाला असेल तेव्हा शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी गोळा केली, गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. बघाल तर तुमच्याआमच्या आजीच्या हातातल्या वस्तू! मग आपल्याकडे काय कमी आहे? फुटक्या भोपळ्याची वीणा आहे, तंबूचे बांबू आहेत, आमटीचं तपेलं आहे. आणि वह्या आहेत. कुठल्या गावानं पिठलं-भाकरी घातली, कुणी चार आणे दिले, कोण वाटेत आजारी पडलं, सगळं त्यांत आहे. काही पानं मोडीत आहेत. ती वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि वाळवी काही कुणासाठी थांबत नाही.

भिंतींनाही सांगण्यासारखं असतं. पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून. ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी तिथंच चोखामेळा धर्मशाळा उभी केली. आपल्या धर्मशाळेत पूर्वी आत कोण निजायचं आणि बाहेर ओट्यावर कोण, हेही जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवलं पाहिजे. गोड तेवढंच मांडलं तर तो चौकातला फ्लेक्स झाला!

खर्चाचं म्हणाल तर सुरुवात थोडक्यात होते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका, ओल आत कोंडून भिंत फुगते. कौलं पावसाआधी चाळून घ्या. वह्यांचे फोटो काढा. लॅमिनेशन मुळीच नको, कागद कायमचा अडकतो. आणि जे टाळ अजून वाजतात ते काचेत कोंडू नका, एकादशीच्या भजनाला बाहेर काढा.

येत्या एकादशीला मी ओसरीवर नोंदवही घेऊन बसतो. ज्यांच्या घरी जुना फोटो, पडशी, आजीनं डोक्यावर वाहिलेलं तुळशीवृंदावन असेल त्यांनी घेऊन यावं. वस्तू द्यायचीच असं नाही. नोंद करू, फोटो काढू आणि परत देऊ. ठेवून गेलात तर नावानिशी पावती मिळेल.