गाठीभोवती जमणाऱ्या पेशी

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो,

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तेव्हा काचेवर जे दिसतं त्याबद्दलच बोलतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला की वेड्यावाकड्या कर्कपेशींचे पुंजके दिसतात. त्यांच्यामधल्या गुलाबी टिश्यूत बारीक, गोल, गडद निळ्या पेशी असतात. कधी तुरळक, कधी भाकरीवरच्या तिळांसारख्या दाट. त्या लिम्फोसाइट, शरीरानं गाठीवर धाडलेल्या. वर्षानुवर्षं आम्ही त्या रिपोर्टात एका शब्दात उरकत आलो. 2014 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं मोजणीची रीत ठरवली: पुंजक्यांमधल्या टिश्यूचा किती टक्के भाग या पेशींनी व्यापलाय, ते लिहायचं.

इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-2 हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह गाठीत हा टक्का जितका जास्त, तितका केमोचा गुण अधिक आणि आजार उलटण्याची भीती कमी. हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो, म्हणून तो टक्का आपल्या बायाबापड्यांसाठी फार मोलाचा आहे. मात्र सरसकट हुरळून जाऊ नका. हार्मोनवर पोसणाऱ्या गाठींत, कार्स्टेन डेंकर्ट यांच्या 2018च्या अभ्यासात, जास्त पेशी असलेल्या रुग्ण उलट कमी जगल्या. जमलेली प्रत्येक पेशी लढतेच असं नाही. रेग्युलेटरी टी पेशी लढणाऱ्यांना आवरतात, काही मॅक्रोफेज तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात.

या मोजणीला साधनं कमी पडतील, ही सबबही नको. पुण्यात जन्मलेल्या संशोधक कमल रणदिवे यांनी मुंबईत पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर काम केलं, ते साधनांची वानवा असताना. ही मोजणी तर रोजच्याच स्लाइडवर होते, वेगळं किट लागत नाही. लागतो तो नीट जपलेला टिश्यू, आणि तो जपणं तुमच्या हातात आहे.

कोल्हापूरच्या या कसबा बावड्यातून उद्या कुणी चंदगडला जाईल, कुणी शाहूवाडीला. तिथून येणारी गाठ कधी नुसत्या सलाईनमध्ये असते, कधी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली. कापली की आतला भाग कुजलेला निघतो. मग लिम्फोसाइट ओळखू येत नाहीत, रिसेप्टरची तपासणी फसते, आणि त्या बाईला कोणतं औषध द्यायचं याचा आधारच जातो. गाठ दुसऱ्यांदा काढता येत नाही, डॉक्टरांनो!

म्हणून तासाभराच्या आत गाठ फॉर्मॅलिनमध्ये जाऊ द्या. बरणी रुंद तोंडाची हवी, फॉर्मॅलिन गाठीच्या दहापट. गाठ मोठी असेल तर कडा ओळखता येतील अशा बेतानं छेद द्या, म्हणजे फॉर्मॅलिन आतवर मुरेल. बरणीवर काढल्याची वेळ लिहा. आधी केमो झाली असेल तर फॉर्मवर तेही लिहा, कारण केमोनंतरची स्लाइड आम्हाला वेगळ्या नजरेनं वाचावी लागते. आणि काही अडलं तर गाठ काढण्याआधीच पॅथॉलॉजिस्टला फोन करा.