जमैकाचे धबधबे आणि दहा मिनिटं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात २६ जानेवारी २०२५ रोजी केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, जसं बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख ‘जगप्रवासी’ अशी करून दिली. तसं काही नाही. बँकेने बदल्या केल्या म्हणून महाराष्ट्र पाहिला आणि मुलगा तिकडे आहे म्हणून अमेरिका. समितीने मला दोन अटी घातल्या होत्या. काका, प्रवासावर पंधरा मिनिटं बोला, आणि पार्किंगवर अजिबात बोलू नका. दोन्ही मान्य करून उभा आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे गेलो होतो. तिथून त्याने आम्हाला फ्लोरिडाहून निघणाऱ्या क्रूझवर नेलं. जहाजाचं वर्णन करत नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी आमच्या सौ.ला गाठावं, तिथल्या नाश्त्याच्या पदार्थांची यादी तिला अजून तोंडपाठ आहे. मला सांगायचं आहे ते त्या सहलीतल्या एकाच दिवसाबद्दल. त्या दिवशी जहाज जमैका बेटावर, ओचो रिओस नावाच्या बंदरात सकाळी लागलं आणि संध्याकाळी सुटलं.

जमैका म्हटलं की आमच्या पिढीला पहिल्यांदा सबिना पार्क आठवतं. १९७१ साली तिथे सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. पहिला दिवस पावसाने धुऊन गेला होता, त्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला आणि फॉलोऑनसाठी दीडशेची आघाडी पुरेशी ठरली. वाडेकरांना तो नियम पक्का ठाऊक होता. त्यांनी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. वाडेकर स्टेट बँकेतले, त्यामुळे पुढे बँकेत लागल्यावर आम्ही हा किस्सा कँटीनमध्ये घरचा असल्यासारखा सांगायचो. पण सबिना पार्क किंग्स्टनला, डोंगरांच्या पलीकडे दक्षिणेला. आम्ही उत्तर किनाऱ्यावर. ते राहूनच गेलं.

ओचो रिओस या नावाचा स्पॅनिशमध्ये अर्थ ‘आठ नद्या’. मी हिशेबी माणूस, गाडीत बसल्याबरोबर ड्रायव्हरला म्हटलं, आठही दाखवा. तो हसला. आठ नद्या तिथे नाहीतच. स्पॅनिश लोक त्या भागाला ‘लास चोरेरास’ म्हणत, म्हणजे धबधबे, पाण्याच्या धारा. १६५५ साली इंग्रज आले आणि त्यांच्या जिभेवर त्याचं ओचो रिओस झालं असं म्हणतात. शीवचं सायन करणारे तेच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

आता डन्स रिव्हर फॉल्स. आपल्याकडे धबधबा म्हणजे कड्यावरून कोसळणारं पाणी, आणि आपण खाली उभं राहून मान वर करून बघायचं. हा तसा नाही. हा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येतो, सुमारे १८० मीटर लांब आणि ५५ मीटर उंच, आणि शेवटी थेट समुद्रात मिळतो. माणसं वाळूवरून सुरुवात करून त्याच्यातून वर चढतात. वाहत्या पाण्यातून, उलट! त्या पायऱ्या कुणी बांधलेल्या नाहीत. पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उसळत, आपटत खाली येतं तसा तो दगडावर बसत जातो आणि थरावर थर चढतात. आपल्या बोअरवेलच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तोच प्रकार. फरक एवढाच, की ते लोक त्याच थराचे माणशी पंचवीस डॉलर घेतात आणि आपण प्लंबरला पैसे देऊन तो खरवडून काढतो.

चढायची पद्धत ऐका. गाईड सगळ्यांना एका ओळीत उभं करतो आणि एकमेकांचे हात धरायला लावतो. साखळी. पुढे गाईड, मागे वीस-पंचवीस माणसं, कुठकुठल्या देशांची. तो पाय ठेवील त्याच दगडावर पुढच्याने पाय ठेवायचा, त्याने ठेवला तिथेच मागच्याने. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट. मध्ये कुणी घसरला तर दोन्ही बाजूंनी दोघांनी ओढून धरायचं. मला आमचे जामीनदार आठवले. इथे फरक असा, की जामीनदार पळून जाऊ शकत नाही, कारण त्याचा हात दुसऱ्याच्या हातात असतो.

मी चढणार नव्हतो. बाजूने पायऱ्यांचा जिना आहे, तिथून चढत बघता येतं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा ही जिन्याने जाणार होती, आणि मीही पिशव्या सांभाळायला तिच्याबरोबर. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, की बाबा पाण्यात उतरत नाहीत. का, ते हिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा लहानपणापासून समजत होता, की मला सर्दी होते.

पण अकरा वर्षांच्या नातीने हात धरला. गाईड पन्नाशीचा, अंगाने काटक, गळ्यात परवान्याचं कार्ड. तो म्हणाला, सर्वांत वडील माणूस माझ्या मागे. झालं. एका हातात त्याचा हात, दुसऱ्या हातात नात, तिच्यामागे सूनबाई. पाणी गार, पण बोचणारं नाही. पहिल्या दहा पावलांत माझी मांडी इतकी थरथरत होती, की त्याला हातातून कळत असणार. तो काही बोलला नाही. प्रत्येक दगडावर आधी स्वतः उभा राहायचा, मग टाचेने दोनदा दगड दाबून दाखवायचा, की इथे. मध्ये मध्ये सखल जागी पाणी साठून छोटे डोह झालेत, तिथे बसायला मिळतं. एका डोहात मी कंबरेपर्यंत बसलो. ४४ वर्षांनी. हिने जिन्यावरून फोटो काढला, त्यात माझं डोकं आलेलं नाही, पण पोट स्पष्ट आहे.

तास-सव्वा तासाने आम्ही वर पोचलो. आणि मग, काय सांगू, अंगात वीर संचारला. बहात्तर वर्षांचा माणूस धबधबा चढून आला म्हटल्यावर त्याला वाटायला लागतं, की आता आपण समुद्रसुद्धा पोहून जाऊ.

आमच्या सहलीत दुसरं ठिकाण होतं ब्लू होल. व्हाइट रिव्हर नावाची नदी डोंगरातून येते, तिच्यात एकावर एक डोह आहेत. फोटोत त्यांचं पाणी दुधात निळी शाई टाकल्यासारखं दिसतं. चुनखडीचा मुलूख, त्यामुळे तो रंग. तरुण मुलं खडकावरून उड्या मारतात, दोराला लोंबकळून झोका घेतात, आणि आमच्यासारख्यांना लाइफ जॅकेट घालून शांत डोहात तरंगायचं असतं. रस्ता चढाचा, खड्ड्यांचा, दोन्ही बाजूंना दाट झाडी. आपल्या कोकणातला घाट म्हणून खपेल असा.

वर पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. गाईड आधी एकटाच खाली गेला. पाच मिनिटांनी आला आणि म्हणाला, आज पाण्यात नाही.

आम्ही सगळे डोकावलो. पाणी निळं नव्हतं, फिकट चहासारखं होतं. काड्या, पानं वाहत येत होती. पण फार जोर दिसत नव्हता. तो म्हणाला, मागच्या डोंगरात पाऊस झालाय, ते पाणी अजून पूर्ण इथे पोचलेलं नाही.

मी पुढे झालो. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, बिनकामाचे पैसे गेलेले सहन होत नाहीत. मी म्हटलं, आम्ही दोन्ही ठिकाणांचे पैसे भरलेत. वर ऊन आहे. जॅकेट घालून काठाकाठाने उतरू द्या. तो नाहीच म्हणाला. मी म्हटलं, जहाज सुटणार आहे, आम्ही काही परत येणार नाही, दहा मिनिटं तरी उतरू द्या.

आणि ते शब्द माझ्याच कानावर पडले.

आता हे मी इथे कधी बोललेलो नाही. सभासदांपैकी काही जण मला पंचवीस वर्षं ओळखतात, त्यांनाही माहीत नाही. १९७९ साली मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. ऑगस्टमधला रविवार. स्टाफची सहल मी ठरवली होती. गावापासून काही अंतरावर धबधबा होता आणि त्याच्या पायथ्याशी खोल डोह, तिकडे त्याला कोंड म्हणतात. आम्ही आठ जण. पाऊस दोन दिवस उघडलेला, छान ऊन. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी वाटेत थांबली आणि म्हणाली, वर लागलाय रे पाऊस, आज पाण्यात उतरू नका. आम्ही हसलो. खाली उन्हात उभे राहून वरच्या पावसाची बातमी ऐकायची म्हणजे गंमतच वाटली. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, परत फिरू. मी म्हटलं, एवढे चालत आलोय, दहा मिनिटं डुंबू आणि निघू.

लोंढा आला तो आधी वास घेऊन आला, मातीचा. मग पाणी. सात जण बाहेर आलो. आमचा कॅशियर आला नाही. सव्वीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीजवळ सापडला.

बँकेतल्या मंडळींना माहीत आहे, तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांच्या ताब्यात. एक माझ्याकडे होती, एक त्याच्याकडे. त्याची पँट खडकावर घडी घालून ठेवलेली होती. बाकीचे काठाने हाका मारत धावत होते, आणि मी वाकून त्या पँटच्या खिशातून किल्ली काढून घेतली. माझ्या डोक्यात पहिला विचार किल्लीचा आला. सोमवारी शाखा वेळेवर उघडली, काउंटर सुरू झालं. त्याबद्दल मला शाबासकीसुद्धा मिळाली.

असो.

ब्लू होलच्या काठावर मी गप्प झालो. गाईडला वाटलं, म्हातारा रागावला. त्याने मला सावलीत बसवलं, नारळाचं पाणी आणून दिलं आणि समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की पाण्यात नेलं तर लोक खूश होऊन टिप देतात. नाही नेलं तर रागाने काहीच देत नाहीत. म्हणजे नाही म्हणण्यात त्याचंच नुकसान असतं. तरी तो रोज सकाळी आधी पाण्याचा रंग बघतो, मग पानं बघतो, मग वरून येणाऱ्या एखाद्या माणसाला विचारतो, की वर काय आहे. यातलं एकही बिघडलं तर त्या दिवशी उतरायचं नाही. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. तो त्याच नदीकाठचा होता.

आम्ही निघालो. नंतर तिथे पाणी वाढलं की नाही ते पाहायला थांबलो नाही. परतताना त्यांनी आम्हाला फर्न गलीतून आणलं. जुन्या नदीच्या पात्रातून गेलेला रस्ता, दोन्हीकडे उंच कडे आणि त्यावर नेच्यांची गर्दी, वरून झाडांचं छत, दुपारीही अंधार. सुंदर आहे, पण माझं लक्ष नव्हतं. बंदरावर उतरताना मुलाने गाईडच्या हातात पैसे ठेवले. मी पाकीट काढलं, आणि मुलाने दिले त्याच्या दुप्पट ठेवले. तो गोंधळला. मी काय सांगणार? त्या रात्री डेकवर मुलाला आणि सूनबाईला सगळं सांगितलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बाबा, म्हणजे ती सर्दी नव्हती.

हे सगळं आज का सांगतोय? गेल्या वर्षी जूनच्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर आला, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि पंधरा दिवसांनी त्याच ग्रुपवर आपल्या वर्षासहलीचं पोस्टर आलं, ‘धबधब्यात मनसोक्त भिजा’. मी कुणाला दोष देत नाही. पोस्टर छान होतं. मी त्या सहलीला आलो नाही एवढंच, आणि कारण विचारलं तेव्हा सर्दी सांगितली.

या जुलैची सहल ठरते आहे, आणि समितीने यंदा मला घेतलं आहे. मी येणार आहे, पाण्यातही उतरीन. माझी मागणी एकच होती आणि ती मान्य झाली आहे. ज्या गावात जाऊ तिथला एक जाणता माणूस दिवसभर आपल्याबरोबर असेल. तो ‘उतरा’ म्हणाला तर उतरायचं, ‘नाही’ म्हणाला तर गाडीत बसून भजी खायची. वाद घालायचा नाही, वर्गणी परत मागायची नाही. आणि तो ‘नाही’ म्हणाला तरी त्याचे ठरलेले पैसे पूर्ण द्यायचे. त्यासाठी वर्गणीत माणशी वीस रुपये जास्त धरले आहेत, यादी लिफ्टजवळ लावली आहे.

आपल्या खजिनदारांनी काल मला विचारलं, काका, काही न करणाऱ्या माणसाचं व्हाउचर कशाचं करू? मी म्हटलं, ‘मार्गदर्शन’ लिहा. सही मी करतो.