सातचा भोंगा



आज पदवी घेणाऱ्या या तुकडीतल्या बहुतेकांनी दहावीची बोर्डाची परीक्षा दिलेलीच नाही. मे २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट गोव्यात भरात होती. सरकारने परीक्षा रद्द केली आणि शाळेच्या अंतर्गत गुणांवर सगळे पुढे गेले. 'कोविड बॅच' म्हणून या मुलांनी पुढे बरेच टोमणे ऐकले. परीक्षा चुकली हे खरे, पण त्याच काळात या मुलांवर एक वेगळाच प्रयोग चालला होता. त्याची परवानगी ना त्यांच्याकडून घेतली गेली, ना त्यांच्या आईवडिलांकडून.

सनावळीच पाहावी. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि डेटा जवळजवळ फुकट झाला, तेव्हा ही मुले सहावीत होती. ती आठवीत असताना, फेब्रुवारी २०१९ मध्ये, गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनी पब्जीला घराघरांतला राक्षस म्हटले. वर्षभराने शाळा बंद पडल्या आणि ज्या फोनला राक्षसाचे घर ठरवले होते, तोच फोन शाळेने मुलांच्या हाती दिला. सांगे तालुक्यातली मुले रेंजसाठी डोंगर चढून जात, हे त्या वर्षी देशभर छापून आले. पेडणे-डिचोली तालुक्यांतही कुठे गच्चीवर, कुठे काजूच्या झाडाखाली, कुठे शेजाऱ्याच्या पडवीत वर्ग भरले. वर्ग संपला तरी फोन हातातच राहिला. २९ जून २०२० रोजी टिकटॉक बंद झाले, २ सप्टेंबरला पब्जी. मुले दुसरीकडे गेली. तेव्हा रील नुकतेच आले होते.

या क्रमाला एका संशोधनामुळे वेगळाच अर्थ येतो. केंब्रिजच्या एमी ऑर्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधली आकडेवारी मांडली. समाजमाध्यमांचा जास्त वापर आणि वर्षभराने घटलेले समाधान यांचा संबंध सगळ्या वयांत सारखा दिसत नव्हता. मुलींमध्ये तो ११ ते १३ या वयात ठळक होता, मुलांमध्ये १४-१५ व्या वर्षी आणि दोघांमध्ये पुन्हा १९ च्या सुमारास. या तुकडीच्या मुली ११ ते १३ वर्षांच्या होत्या तेव्हा डेटा स्वस्त झाला. मुलगे १४-१५ चे होते तेव्हा शाळा बंद पडल्या. आकडे ब्रिटनचे आहेत, गोव्याचे नव्हेत, हे विसरता कामा नये. तरीही योग विलक्षण आहे.

मग मोबाईलने ही पिढी बिघडली, असे म्हणून मोकळे व्हायचे का? घाई नको. याच ऑर्बेन यांनी अँड्र्यू प्शिबिल्स्की यांच्याबरोबर २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली होती. त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनच्या वापराशी लावता आला. त्याच आकडेवारीत बटाटे खाण्याचा संबंध जवळपास तितकाच निघाला आणि चष्मा लावण्याचा त्याहून वाईट. (बटाट्याच्या भाजीवर बंदी घाला, असे त्यानंतरही कोणी म्हटले नाही.) पुरेशी झोप आणि रोजची न्याहारी यांचा मनःस्वास्थ्याशी असलेला चांगला संबंध मात्र या सगळ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. म्हणजे ज्या घरात मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी भाजीपाव न खाता बस पकडायला धावतो, तिथे दोष नुसत्या फोनला देऊन भागत नाही. फोनने झोप नेली आणि झोपेने न्याहारी नेली, असे ते आहे.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी इशारा दिला की दिवसाला तीन तासांहून अधिक समाजमाध्यमांवर असणाऱ्या किशोरवयीनांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो. त्याआधी २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्रामने अधिकच वाईट वाटायला लावले, असे कंपनीच्याच अभ्यासात नोंदले होते. सरासरी काढली की लाखो मुलांत परिणाम चिमूटभर दिसतो, पण वर्गातल्या एखाद्या मुलीवर तो डोंगराएवढा असू शकतो. सरासरीत ती मुलगी दिसत नाही.

ती मुलगी दिसावी म्हणून गोव्यातच झालेला एक अभ्यास पुन्हा उघडायला हवा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगत' ही संस्था उभारली. तिच्या संशोधकांनी गोव्यातल्या शहरी आणि ग्रामीण भागांतल्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी केली आणि २००८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त ती छापून आली. निदान करण्याजोगा मानसिक विकार १.८१ टक्के मुलांत आढळला. हे प्रमाण इतर ठिकाणच्या अभ्यासांच्या मानाने फारच कमी होते. ज्यांचा पहिला आधार घर होते, त्या मुलांत विकार कमी होते. शहरी मुलांत, आपल्या परिसरात सुरक्षित न वाटणाऱ्यांत, मारझोड किंवा शिवीगाळ सोसणाऱ्यांत, अभ्यासात अडखळणाऱ्यांत आणि मुलगी म्हणून दुजाभाव वाट्याला आलेल्यांत ते जास्त होते. पार्ट्या, सिनेमा, मौजेखातर खरेदी, मित्र किंवा मैत्रीण असे 'बाहेरचे' जगणे जगणाऱ्यांतही जास्त होते.

स्मार्टफोन गोव्याच्या खेड्यात पोचण्यापूर्वीची ही नोंद आहे. तिच्यातल्या धोक्याच्या बहुतेक खुणा घराबाहेरच्या होत्या आणि आईबापांना त्या दिसत. पोर उशिरा आले, कोणाबरोबर तरी म्हापशाला गेले, तर गावात चार तोंडांतून बातमी घरी पोचे. आज बाजार, पार्टी, सिनेमा आणि मैत्री ही सगळी मंडळी आतल्या खोलीत पांघरुणाखाली आली आहेत. आई शेजारणीला समाधानाने सांगते, "ना गो, पोर घरीच आसा." ते खरेही असते. फक्त त्या 'घरी असण्या'तून त्या पाहणीच्या काळी जो आधार मिळत होता, तो आता मिळतोच असे नाही.

याच अभ्यासातून पालकांना न आवडणारी एक गोष्टही निघते. घरात शिवीगाळ असेल, मुलीला दुय्यम वागणूक असेल, तर फोन हे आजाराचे मूळ नसून लपायची जागा असते. तो काढून घेतला की लपायची जागा जाते, शिवीगाळ तशीच राहते.

जागरणाचा मुद्दा निघाला की म्हातारी माणसे म्हणतात, आम्ही काय कमी जागलो? बरोबर आहे. कार्तिकानंतर पेडण्याच्या गावोगाव जत्रा लागतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशी दशावतारी मंडळे सिंधुदुर्गातून उतरतात आणि लहान पोरांसकट गाव पहाटेपर्यंत देवळासमोर बसतो. पण त्या रात्रीला शेवट असे. उजाडताना दहीकाला फुटला की खेळ संपला, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गावच डुलक्या घेई, त्यामुळे कोणाचे काही चुकत नसे. रीलमध्ये काला फुटतच नाही. त्याचेही कारण आहे. पूर्वी पडद्यावरचे पान संपले की 'पुढचे पान' असे बटण दाबावे लागे. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने ते बटण काढून टाकणारी न संपणारी यादी बनवली आणि नंतर त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही व्यक्त केला. तेव्हा रात्री दोन वाजता अंगठा थांबत नाही यात मुलाच्या निग्रहाचा भाग थोडा. तो थांबू नये याची तजवीज पगारी माणसांनी करून ठेवली आहे.

म्हणून एकट्या मुलाला 'संयम ठेव' असे सांगणे फारसे कामाचे नाही. वर्गाचा ग्रुप रात्री अकराला जागा होत असेल, तर दहाला फोन ठेवणारी मुलगी सकाळी वर्गात परकी ठरते. सगळ्यांनी ठेवला तरच तिला ठेवता येतो.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे तीनेक हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे ठरले की संध्याकाळी सातला गावच्या देवळावरून भोंगा वाजेल आणि साडेआठचा दुसरा भोंगा होईपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय पहिल्यांदा काढला, तेव्हा पुरुषांनी थट्टा केली. मग बायकांना बोलावले. आपण मालिका जास्त बघतो, हे त्यांनीच सरळ कबूल केले आणि बेत पुढे सरकला. सुरुवातीला पंचायतीचे कर्मचारी, आशा आणि अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजूत घालत. त्या दीड तासात मुले अभ्यास करू लागली आणि मोठी माणसे ओट्यावर गप्पा मारू लागली. यातली मेख अशी की नियम मुलांना नव्हता, गावाला होता. बापाच्या हातातही फोन नाही म्हटल्यावर पोराला अन्याय वाटत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांसी गावाने वेगळा ठराव केला. तिथे १८ वर्षांखालच्यांना मोबाईल बंद. ऑस्ट्रेलियाने हीच वाट देशभर धरली. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही, आणि कंपनीने कुचराई केल्यास ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. जानेवारी २०२६ मध्ये खंवटे यांनी गोवाही अशा कायद्याचा विचार करत असल्याचे सांगितले. कायदा आला तर कंपन्यांवर वचक बसेल, आणि तो बसायलाच हवा. पण दंड कंपनीला असतो. शिरगावच्या किंवा पालयेच्या घरातली संध्याकाळ तो कशी लावणार?

सगळ्यांनी मिळून नेम पाळणे पेडणे-डिचोलीला शिकवायला नको. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराई देवीची जत्रा असते. होमकुंडातून जाणारे धोंड काही दिवस आधीपासून व्रतस्थ राहतात, एकत्र शिजवतात, एकत्र जेवतात. त्यांत कॉलेजातले तरुणही असतात. एरवी ज्यांना सकाळी उठवावे लागते, ते पहाटे गार पाण्याने आंघोळ करतात, कारण सोबतचे सगळे करतात.

फोनचाच उपयोग करून मुलांना सावरण्याचा प्रयत्नही गोव्यात झाला आहे. 'संगत'ने 'पॉड अॅडव्हेंचर्स' नावाचा मोबाईलवरचा खेळ तयार केला. अडचण नेमकी कोणती ते ओळखायचे, मार्ग कोणते ते मांडायचे, एक निवडून करून पाहायचे. गोव्यातल्या माध्यमिक शाळांत त्याची चाचणी झाली. पण त्या खेळाबरोबर एक माणूस असे. मानसोपचाराची पदवी नसलेला, पण प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक मुलाशेजारी बसून बोले. फोन तोच, पण शेजारी कोणीतरी आहे.

देशभरातल्या ग्रामीण मुलांविषयीच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो त्यांपैकी ५७ टक्क्यांनी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. या सभागृहातून काही जण बी.एड. करून त्याच मुलांच्या वर्गात जातील, काही मोपाच्या विमानतळावर, काही बँकेत, काही पंचायतीत. समोरचे कोणी फारच खचलेले दिसले, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे.

आणि गावात राहणाऱ्यांसाठी एक काम तयारच आहे. गोव्याच्या पंचायत राज कायद्यानुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एकेका रविवारी ग्रामसभा भरते. गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येक स्नातकाला तिथे बसायचा आणि बोलायचा हक्क आहे. गटार, कचरा, बांधकाम परवाने यांच्यामागून का होईना, भोंग्याचा विषय काढता येईल. डिचोली, साखळी, पेडणे या शहरांत पालिका आहेत, तिथे वाड्यावाड्याने बसावे लागेल. अडचणी वडगावपेक्षा जास्त निघतील. मोपाला दुपारपाळी करणारी आई रात्री अकराला घरी येते, तिच्याशी मुलांनी बोलायचे ते फोनवरच ना? हरमलचा हॉटेलवाला मोसमात सातला फोन बंद ठेवील का? चवथीच्या दिवसांत काय? भोंगा सातचा की आठचा, देवळावरून वाजवायचा की शाळेतून, आणि चर्चच्या वाड्यात कोणी वाजवायचा? हे सगळे प्रश्न सभेत मांडून, भांडून सोडवण्याजोगे आहेत, आणि भांडायला पदवीधर उभे राहिले तर थट्टा जरा कमी होईल. पुढची ग्रामसभा जुलैत आहे.